विहिरीचं वावर

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दर गुरुवारी समुपदेशनाला बसते. औषधाच्या दुकानामागची एक खोली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंजी, कोपऱ्यात माठ. त्या गुरुवारी एक नवराबायको आले. बोलल्या त्या बाईच. "यायले रात्री झोप नाही. लागलीच तर दात खातेत, इतके का माही झोप मोडते."

ते खाली बघत होते. वय ४६, उन्हानं रापलेली मान, उजवा खांदा किंचित वर उचललेला. जबड्यात कळ, छातीवर दगड ठेवल्यासारखं. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन ईसीजी, रक्त, एक्सरे सगळं झालं होतं आणि सगळं ठीक निघालं होतं. दातांच्या डॉक्टरांनी दाढा झिजल्याचं सांगितलं आणि विचारलं, कसलं टेन्शन आहे का? तेव्हा ते नाही म्हणाले होते.

मी त्यांना भाऊ म्हणायचे, इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असं सगळं मी बदललंय आणि दोन-तीन माणसांचे अनुभव एकत्र गुंफलेत. पण खोलीत काय होतं, कसं होतं, ते तसंच ठेवलंय. कारण मला फोन करणारे तेच विचारतात. तुम्ही गोळी देता का? काय करायचं ते सांगता का? नुसतं बोलून काय होणार? मी ज्या पद्धतीनं काम करते तिला गेस्टाल्ट उपचार म्हणतात. त्याची व्याख्या सांगितली तर फोनवर पलीकडे शांतता पसरते. भाऊंची गोष्ट सांगितली की लोक पुढचं विचारतात.

पहिल्या भेटीत गेस्टाल्टचं असं काहीच झालं नाही. वेळ ५० मिनिटं, फी किती, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे आधी बोललो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ही गुप्तता रुग्णाचा हक्क मानली आहे. भाऊंच्या बायको पुढे कितीदा तरी दाराशी थांबून मला विचारायच्या, "काय म्हणले हे?" मी सांगितलं नाही. त्यांना ते रुचलं नव्हतं, पण भाऊंना दिसलं की मी सांगत नाही. पुढचं काम त्यामुळेच होऊ शकलं.

मग मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? आमच्या भागात हा प्रश्न आडून विचारण्यात अर्थ नाही. ते म्हणाले, "येते कधी कधी मनात. पण करनार नाही तसं." फवारणीचं औषध कुठे ठेवता, हा माझा पुढचा प्रश्न. डबे घरातच, माळ्यावर होते. ते त्याच दिवशी त्यांच्या साळ्याच्या घरी कुलपात ठेवायचं ठरलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये टाकून दिला. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. ज्याचा जीव धोक्यात आहे, ज्याला भास होतात, ज्याचं भान सुटलंय, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. गेस्टाल्ट हा औषधाला पर्याय नाही. भाऊंनाही मी तपासून घ्यायला पाठवलं. झोपेची थोड्या दिवसांची गोळी घेऊनच ते दुसऱ्यांदा आले.

आता वाटणीची गोष्ट. भाऊंच्या बाबांनी वारण्याआधी दोन वर्षं हिस्सेवाटणी केली. एकूण नऊ एकर. थोरल्याला, म्हणजे भाऊंना, पाच एकर कोरडवाहू, धाकट्याला चार एकर विहिरीसकट. सातबारावर बघाल तर थोरल्याला एक एकर जास्तच. पण आमच्याकडे जमिनीची किंमत पाण्यानं ठरते. भाऊंची पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर पावसाच्या भरवशावर. धाकट्याला सोयाबीन निघालं की गहू, चणा घेता येतो. आणि ती विहीर खोदली तेव्हा धाकटा लहान होता. भाऊ सतरा वर्षांचे, दहावीनंतर शाळा सोडलेले. सुरुंग उडाला की खाली उतरून मुरूम टोपल्यात भरायचा, वर द्यायचा. पाणी लागलं त्या दिवशी बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

वाटणीच्या दिवशी पंचांनी विचारलं, काही म्हणायचंय का? भाऊ म्हणाले, बाबा म्हणतील तसं. त्याला सहा वर्षं झाली. बाबा गेले त्यालाही चार झाली.

हे सगळं ते हसत हसत सांगत होते. डावा हात मात्र जबड्यावर होता.

मी वाटणीबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, "भाऊ, आत्ता तुमचा हात कुठे आहे?" त्यांनी हात चटकन खाली घेतला, चोरी पकडल्यासारखा. मी म्हटलं, "राहू द्या. तिथेच राहू द्या. काय जाणवतंय तिथे?" बराच वेळ गेला. मग म्हणाले, "दगड आहे."

गेस्टाल्ट उपचाराची सुरुवात इथे होते. मागे काय घडलं ते कळावं लागतंच, पण लक्ष ठेवायचं ते आत्ता, या खुर्चीत, सांगता सांगता तुमच्यात काय चाललंय त्यावर. श्वास कुठे अडतो, आवाज कधी बारीक होतो, हसू कुठल्या वाक्याला येतं. मी त्याचा अर्थ लावून देत नाही. मला दिसलं ते सांगते, आणि ते तुम्हाला स्वतःला जाणवतंय का ते विचारते.

गेस्टाल्ट हा जर्मन शब्द. आकृतिबंध, तुकड्यांची नुसती बेरीज नसलेला पूर्ण घाट, असा काहीसा अर्थ. माक्स वेर्थायमर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की आपण सुटे ठिपके पाहत नाही, त्यांची आकृती पाहतो. आणि एक आकृती पुढे आली की बाकीचं मागे सरतं. मे महिन्यात वखरणी करताना घसा कोरडा पडला की अख्ख्या वावरात माणसाला फक्त निंबाखालचा मडका दिसतो. पाणी प्यालं की मडका मागे जातो आणि धुऱ्यावरचा काडीकचरा दिसायला लागतो. गरज पुढे येते, भागते, मागे जाते. भागलीच नाही तर ती मागेही जात नाही. ब्लुमा झायगार्निक या बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनहून प्रयोग छापले होते, की मध्येच थांबवलेली कामं माणसाला पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. या उपचारात अशा अडकून राहिलेल्या गोष्टीला अपुरा व्यवहार म्हणतात. पंचांसमोर न निघालेलं एक वाक्य सहा वर्षं भाऊंच्या दाढांखाली होतं.

हा उपचार उभा केला फ्रिट्झ पर्ल्स आणि लॉरा पर्ल्स या ज्यू नवराबायकोनं. १९३३ मध्ये नाझींमुळे जर्मनी सोडली, दक्षिण आफ्रिकेत राहिले, १९४०च्या दशकात न्यूयॉर्कला आले. पहिलं मुख्य पुस्तक १९५१चं. त्यात पॉल गुडमन आणि राल्फ हेफरलाइन हे सहलेखक. फ्रिट्झना खाण्याच्या क्रियेचं फार महत्त्व वाटायचं. बाळाला दात आले की ते चावायला लागतं. चावून बघितलं तर काय ठेवायचं, काय थुंकायचं ते ठरवता येतं. न चावता गिळलेलं अन्न पोटात दगडासारखं पडून राहतं, आणि न चावता गिळलेले विचारही तसेच, असं त्यांचं म्हणणं.

हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला हे नव्यानं शिकायची गरजच काय! आपण राग गिळतो. मूग गिळून बसतो. आवंढा गिळतो. गोष्ट पोटात ठेवतो. मन मारतो. शेवटचा शब्द तर नीट बघा. दुसऱ्यावर उगारायचा हात माणूस स्वतःवरच वळवतो, हे सांगायला पर्ल्स यांना नवा पारिभाषिक शब्द घ्यावा लागला. आमच्या आयाबाया ते रोज दोन शब्दांत सांगतात, आणि पाठोपाठ तेच कर म्हणतात. मन मार बाई, दिवस निघतील.

त्याच दुसऱ्या भेटीत मी चूक केली.

गेस्टाल्टमधली रिकामी खुर्ची फार प्रसिद्ध आहे. ज्याच्याशी बोलायचं राहिलं तो समोरच्या खुर्चीत आहे असं समजून त्याच्याशी बोलायचं. मूळ कल्पना याकोब मोरेनो यांच्या मनोनाट्याची, म्हणजे मनातला प्रसंग नाटकासारखा करून बघण्याच्या उपचाराची. १९६०च्या दशकात फ्रिट्झ पर्ल्स कॅलिफोर्नियात एसलेन इथे लोकांसमोर तिची प्रात्यक्षिकं करायचे, त्यामुळे ती जगभर गेली. भाऊंची गोष्ट ऐकून मला ती समोर दिसायला लागली, आणि मी खुर्ची सरकवून म्हटलं, "इथे बाबा आहेत असं समजा."

भाऊ उठून उभे राहिले. "मेलेल्या बापाले बोलावता? आन् शिव्या देऊ का त्याले?" चपला घातल्या आणि गेले. त्यानंतरचे दोन गुरुवार ते आले नाहीत.

दोष माझा होता. आमच्या गावांत अंगात येतं, मेलेला माणूस कुणाच्या तोंडून बोलतो, त्याला विचारून नारळ सोडतात. अशा ठिकाणी रिकाम्या खुर्चीचा अर्थ काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. लॉरा पर्ल्स आधारावर फार भर द्यायच्या: माणसाच्या पायाखाली जेवढा आधार असेल तेवढंच पाऊल पुढे टाकायला सांगा. दोन भेटींत भाऊंच्या पायाखाली माझा काय आधार होता?

मी फोन करून माफी मागितली. तिसऱ्या भेटीत पुन्हा समोरासमोर मागितली. म्हटलं, तुम्ही उठून गेलात ते बरोबर केलंत. ते माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मी जिंदगीत कुठूनच असा उठून नाही गेलो." मी विचारलं, "उठताना जबडा कसा होता?" त्यांनी आठवून पाहिलं. "सैल होता." आणि दोघंही गप्प बसलो, कारण हे दोघांनाही नवीन होतं. जो माणूस पंचांसमोर नाही म्हणू शकला नाही, तो मला नाही म्हणाला होता आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं.

जो कुणी या उपचाराला येऊ पाहतोय त्यानं हे ध्यानात ठेवावं. इथे सुचवतात त्याला प्रयोग म्हणतात. प्रयोगाला नाही म्हणता येतं, अर्ध्यात थांबवता येतं. तुमचा नकारही कामाचाच भाग असतो. नकार ऐकून जो समुपदेशक रागावतो किंवा "तुम्ही विरोध करताय" म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. गेस्टाल्टचं शिक्षण कुठे घेतलं, किती वर्षं, आणि तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, हेही बिनधास्त विचारा. चांगल्या माणसाला हे प्रश्न आवडतात.

चौथ्या भेटीत भाऊंचा उजवा खांदा फार दुखत होता. सोयाबीनची सोंगणी चालू होती. बोलता बोलता बैलांवर विषय आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद आणि तुपानं शेकतात आणि त्याला जेवणाचं निमंत्रण देतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." भाऊंचा आवाज हे सांगताना एकदम मऊ झाला. मी म्हटलं, "कसं शेकता? हातानं दाखवा ना." त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला, तळवा सपाट, बोटं सैल, सावकाश. मी विचारलं, "हाच हात, असाच, तुमच्या स्वतःच्या खांद्यावर ठेवून बघाल? नको वाटलं तर नको."

त्यांनी ठेवला. खांदा खाली आला. मग त्यांचा चेहरा गोळा झाला आणि ते रडले. चार मिनिटं असतील. मी पाणी पुढे केलं नाही, समजावलं नाही. रडणाऱ्याच्या हातात लगेच पेला दिला की तो आवंढ्यासकट पाणी गिळतो. नंतर त्यांनी स्वतः उठून माठातलं पाणी घेतलं आणि म्हणाले, "बैलाले वर्षातून एकदा तरी विचारतेत."

या भेटीनंतर त्यांनी माझ्याकडे एक मागणी केली: मला या रागातून सोडवा, बाबांवरचा राग काढून टाका. मी म्हटलं, ते मला येत नाही. अर्नोल्ड बाइसर नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. टेनिसचे विजेते खेळाडू, पण ऐन तारुण्यात पोलिओनं अंग लुळं पडलं. १९७० मध्ये त्यांनी एक छोटा निबंध लिहिला, आणि आमच्या कामाचा तो पाया आहे. माणूस जसा नाही तसा व्हायला धडपडतो तेव्हा बदल होत नाही. जसा आहे तसा पुरता होतो तेव्हा होतो. भाऊंना मी एवढंच म्हटलं, "तुम्ही राग काढायला निघालात, पण तो अजून पुरता आलाय कुठे?"

पाचव्या आणि सहाव्या भेटीत आम्ही जबड्याशी काम केलं. दात आवळता ना, मुद्दाम आवळा, आणखी थोडे. आता या दातांना बोलता आलं असतं तर? ते दातांच्या फटीतून म्हणाले, "गप राय." कोण कुणाला म्हणतंय? "बाबा. मले. मोठ्यानं सोसाचं असते." हे वाक्य त्यांनी सहाव्या-सातव्या वर्षी गिळलं होतं, धाकट्यानं त्यांचा भोवरा फोडला तेव्हा. मी म्हटलं, आता तुम्हाला दात आहेत, चावून बघा. यातलं काय तुमचं, काय नाही? दोन आठवडे ते हे घोळवत होते. कापसाच्या वेचणीत असताना सुचलं म्हणाले: "मोठ्यानं सांभाळाचं, हे माहं आहे. गप राहाचं, हे माहं नाही."

सातव्या भेटीत खुर्ची त्यांनीच ओढली. मला म्हणाले, "बाबा असे समोर नसत बसत. बाजेवर आडवे बसत." खुर्ची तिरपी केली, तिच्यावर आपला दुपट्टा घडी करून ठेवला. मी आधीच स्पष्ट केलं, इथे कुणी येत नाही, कुणाला बोलावत नाही. तुम्ही जागे आहात, कधीही थांबू शकता, बाबांच्या जागी बसून जे बोलाल ते तुमच्याच आतलं असेल. "समजलं मले," ते म्हणाले.

सुरुवात झाली "बाबा, तुम्ही..." अशी. तुम्ही असं करायला नको होतं, वगैरे. आवाज पंचांसमोरचाच. मी विचारलं, "लहानपणी काय म्हणायचे बाबांना?" आणि एकदम भाषा बदलली. "बाबा, तू मले इचारलं नाही. विहीर म्या खोदली. माह्या डोक्यावरचे केस गेले मुरमानं. तू मले एक डाव इचारलं नाही!" खोलीबाहेर ऐकू गेलं असेल. दुकानातला मुलगा डोकावून गेला. भाऊंचं लक्ष नव्हतं.

मग ते तिरप्या खुर्चीत बसले, पाय वर घेऊन, बाबा बसायचे तसे. बराच वेळ काही नाही. नंतर म्हणाले, "तुह्या अंगात दम होता. त्याच्यात नव्हता. तू कोरड्यातही जगशील, तो नाही." परत आपल्या जागी आल्यावर त्यांना मी विचारलं, आता काय? "खरं असन," ते म्हणाले, "पण सांगाचं होतं न मले."

बाबांच्या मनात हेच होतं का, हे कुणालाच कळणार नाही, आणि मी भाऊंना तसं सांगितलंही. तिथे बाबांना माफ करण्याची सक्ती नव्हती. "सांगाचं होतं" ही तक्रार तशीच राहिली, फक्त आता ती दातांखाली न राहता बोलता येण्यासारखी झाली होती. खुर्चीच्या या संवादावर कॅनडातले लेस्ली ग्रीनबर्ग यांनी बरीच वर्षं संशोधन केलं. सँड्रा पैव्हिओ यांच्यासोबतच्या त्यांच्या १९९५च्या अभ्यासात, जवळच्या माणसाबद्दलचं अपुरं राहिलेलं मनात घेऊन जगणाऱ्यांना या कामानं, नुसती माहिती देणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त फायदा झाला. गावातल्या शिकलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना हे नाटक वाटतं.

आठवी आणि नववी भेट साधीच गेली. सणवार, मुलीची बारावी, कापसाचा भाव.

दहाव्या भेटीला भाऊ आले ते खोलीत शिरतानाच बोलू लागले. धाकट्याशी भांडण झालं होतं. चण्याला पाणी चालू असताना ते स्वतः धुऱ्यावर गेले आणि म्हणाले, आठवड्यातल्या दोन रात्री पाणी मला दे, पाइप माझा, विजेचं बिल अर्धं माझं. धाकटा म्हणाला, वाटणीत विहीर माझी आहे. शब्दाला शब्द लागला. भाऊजय घरातून बाहेर आली. भाऊंनी पहिल्यांदा धाकट्याला तोंडावर सांगितलं की विहीर मी खोदली, तू तेव्हा काठावर बसून गोट्या खेळत होतास.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नाही म्हणला तो." त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. "घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी हिनं उठवलं."

अकरावी भेट मार्चमध्ये झाली, कापसाची उलंगवाडी झाल्यावर. दात खाणं पूर्ण थांबलेलं नाही. बँकेतून फोन आला की त्या रात्री जबडा धरतो. झोपेची गोळी डॉक्टरांनी बंद केली आहे. पाण्याचं अजून ठरलं नाही, पण धाकट्यानं मधल्या माणसाकरवी विचारणा केली आहे, एक रात्र चालेल का. भाऊंनी निरोप धाडला की दोनच पाहिजेत, आणि निरोप नको, स्वतः येऊन बोल. निघताना त्यांनी तिरप्या खुर्चीवरचा दुपट्टा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि खुर्ची भिंतीला सरळ लावून ठेवली.